नाव की शिष्यवृत्ती?

अभियांत्रिकीला निघालेला विद्यार्थी विचारतो, "सर, नामवंत कॉलेज घेऊ की पूर्ण शिष्यवृत्तीचे?" आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ साली तिची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. हे सोसलेल्या माणसाने १९४२ च्या निवेदनात सरकारकडे विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला २ लाख रुपये मागितले. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

परंतु पैसा वेळेवर हाती नसेल तर गुणवत्ताही दारातच अडते. २०२४ साली १७,५०० रुपये मुदतीत भरता न आल्याने एका दलित मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतील जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत मिळवून दिली. पण प्रत्येक मुलगा दिल्लीपर्यंत पोचत नाही.

मी घरातला पहिला पदवीधर. म्हणून सांगतो, जिथे शेवटच्या वर्षापर्यंत फी, वसतिगृह आणि खानावळ यांची हमी आहे तिथे जा. त्यात कमीपणा नाही. मात्र मोठ्या संस्थांवरचा हक्क आपण सोडलेला नाही. तो मागण्याचे काम एकट्या विद्यार्थ्याचे नसून आपणा सर्वांचे आहे.