सुई, सलाईन आणि घर : जामखेडच्या अनुभवाच्या प्रकाशात घरगुती शिरेवाटे उपचारांच्या सुरक्षिततेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात 'सलाईन लावले' हे शब्द आजाराच्या गांभीर्याचे माप मानले जातात. गोळी दिली तर आजार साधा, सुई दिली तर बरा मोठा आणि बाटली टांगली तर माणूस वाचावा म्हणून सर्व काही केले गेले, अशी लोकमानसाची एक चढती श्रेणी आहे. या श्रेणीत शिरेवाटे दिलेल्या औषधाला सर्वोच्च स्थान आहे आणि ते देणाऱ्या हाताला त्याहून मोठे. आज मात्र हाच उपचार काही रुग्णांच्या बाबतीत दवाखान्याचा उंबरठा ओलांडून घरात आला आहे. हिमोफिलियाचा रुग्ण स्वतःच्या शिरेत औषध घेतो; दीर्घ संसर्गाच्या रुग्णाला प्रतिजैविके घरी दिली जातात. हे सुरक्षितपणे कसे घडते, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी वैद्यकीय ज्ञान कोणाच्या हाती असावे, हा सामाजिक प्रश्न आहे. अहमदनगर जिल्ह्यातील (2024 पासून अहिल्यानगर) जामखेड येथे 1970 नंतर झालेल्या प्रयोगाने या प्रश्नाला एक विचारपूर्वक उत्तर दिले. त्या उत्तराचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिरेवाटे उपचाराची पूर्वपीठिका

शिरेवाटे क्षारद्रव देण्याचा इतिहास पटकीच्या साथीशी जोडलेला आहे. 1831-32 मध्ये इंग्लंडमध्ये पटकी पसरली असता विल्यम ओशॉनेसी यांनी रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण केले आणि त्यातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणावर कमी झाल्याचे दाखवून दिले. पुढे 1833 मध्ये ते कंपनी सरकारच्या सेवेत कलकत्त्यास आले. त्यांच्या निष्कर्षांचा आधार घेऊन स्कॉटलंडमधील थॉमस लट्टा यांनी 1832 मध्ये पटकीच्या रुग्णांच्या शिरेत क्षारद्रव सोडले. त्यांच्या पहिल्या रुग्णाची, एका वृद्ध स्त्रीची, हकीकत उद्बोधक आहे. मरणासन्न अवस्थेतील ही स्त्री द्रव मिळताच सावध झाली. लट्टा तिला इतरांच्या स्वाधीन करून निघून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, द्रव पुन्हा दिला गेला नाही आणि काही तासांतच ती दगावली. उपचार योग्य होता. नंतरची देखरेख अपुरी होती. घरगुती शिरेवाटे उपचाराच्या सुरक्षिततेचा पहिला धडा या घटनेत आढळतो.

त्यानंतर ही पद्धत दीर्घकाळ मागे पडली. निर्जंतुकीकरणाचे ज्ञान नव्हते आणि द्रवातील क्षारांचे प्रमाणही निश्चित नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी क्षारांचे प्रमाण वाढवून ती पुन्हा रुजविली व पटकीचे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटविले. तरीही शिरेत द्रव गेल्यावर रुग्णाला थंडी वाजून ताप भरण्याचे प्रकार घडत असत. उकळलेल्या पाण्यातही जंतूंचे तापजनक अवशेष उरतात व तेच यास कारणीभूत होतात, हे फ्लॉरेन्स सायबर्ट यांच्या 1923 मधील संशोधनाने स्पष्ट झाले. सारांश, पोटात गेलेल्या द्रवाला शरीराचे अनेक पहारे ओलांडावे लागतात. शिरेत गेलेल्या द्रवाला एकही नाही. ज्या गुणामुळे हा उपचार प्रभावी ठरतो, त्याच गुणामुळे तो धोकादायकही ठरतो.

जामखेड : दवाखान्याकडून घराकडे

नगर शहरापासून सुमारे 75 कि.मी. अंतरावरील जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या वेल्लोर येथे शिक्षण घेतलेल्या दांपत्याने 1960 च्या दशकात याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले होते. रुग्णालयात बरे होऊन गेलेली मुले त्याच आजाराने पुन्हा परत येतात, हा त्यांचा तेथील अनुभव होता. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि 1970 मध्ये त्यांनी जामखेडला व्यापक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पहिला दवाखाना जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरला.

प्रकल्पाच्या नोंदीनुसार आरंभी परिसरातील अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे 176 इतके होते. अतिसार हे त्याचे एक प्रमुख कारण. जुलाब होणाऱ्या मुलाला पाणी देऊ नये, दिल्यास जुलाब वाढतात, अशी समजूत रूढ होती. त्यामुळे मूल सुकत जाई आणि अखेरच्या क्षणी सलाईनसाठी धावाधाव होई. 1972 च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्याचा प्रश्न किती निर्णायक आहे हे अधिकच प्रकर्षाने पुढे आले. प्रकल्पाने कूपनलिका खोदण्यात पुढाकार घेतला आणि त्या दलित वस्तीत असतील याकडे जाणीवपूर्वक लक्ष दिले.

प्रशिक्षित परिचारिका खेड्यात नेमण्याचा पहिला प्रयत्न यशस्वी झाला नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून शिकविण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. यातील अनेक जणी निरक्षर होत्या, काही तथाकथित अस्पृश्य जातींतील होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत आणि गावी परतून ते ज्ञान महिला मंडळांतून इतरांना देत. फिरते पथक गावात जाऊन त्यांच्या कामाला आधार देई. म्हणजेच ज्ञान खाली झिरपत होते आणि अडचण वर पोहोचत होती.

शिरेऐवजी मुखावाटे

याच काळात बंगालमध्ये एक निर्णायक घटना घडली. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी 1953 मध्येच मुखावाटे साखर-मिठाचे द्रावण देऊन पटकीच्या सौम्य रुग्णांवर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले होते. परंतु त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. 1971 च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा जॉन्स हॉपकिन्सच्याच कलकत्ता येथील संशोधन केंद्रात काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांची पुडी तयार करून ती पाण्यात कालवून रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती दिली. सुमारे 30 टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले. ग्लुकोजच्या सोबतीने आतड्यातून सोडियम व पाणी शोषले जाते, हे त्यामागील शास्त्र होते.

जामखेडच्या आरोग्यसेविकांनी हेच तत्त्व चुलीपर्यंत नेले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे आज सर्वमान्य असलेले घरगुती प्रमाण होय. मीठ जास्त पडले तर तेच द्रावण बालकाला अपायकारक ठरते. म्हणून ते अश्रूंपेक्षा खारट नसावे, ही चवीची खूण माता सहज लक्षात ठेवते. येथे दोन गोष्टी ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिली, आईला केवळ कृती शिकविली गेली नाही. त्यामागचे कारणही सांगितले गेले. दुसरी, तिला मर्यादाही सांगितली गेली. मूल गळून गेले, पिऊ शकत नसले, डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली त्वचा लवकर पूर्ववत होत नसली तर घरी थांबायचे नाही. तेथे शिरेवाटे द्रवच लागतो. सलाईनला नाकारण्याऐवजी या शिक्षणाने तिला तिच्या योग्य जागी ठेवले.

1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकाधारित आरोग्यसेवेवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला, 1978 मध्ये अल्मा आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला गेला आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1988 मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ यांनी सभागृहातील झगमगते दिवे आणि मातीची पणती यांची तुलना केली. पणती स्वस्त असते आणि एका पणतीवरून दुसरी लावता येते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

ज्ञानाविना पसरलेली सुई

जामखेडच्या या वाटेविरुद्ध दुसरी एक वाटही देशात रुंद होत गेली. ज्ञान न जाता नुसती सुई खेडोपाडी पोहोचली. 2002 ते 2004 या काळातील एका राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दरवर्षी सुमारे 3 अब्ज इंजेक्शने दिली जात होती आणि त्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक असुरक्षित होती. 2009 मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे कावीळ 'ब'ची साथ उद्भवून अनेकांचे बळी गेले. या साथीत सुई वैद्यक व्यावसायिकांच्या हाती होती. हात कोणाचा, एवढ्यावरून सुरक्षितता ठरत नाही, हे यावरून दिसून येते.

स्वतःच्या शिरेत स्वतः औषध

घरी शिरेवाटे उपचार घेण्याची सुव्यवस्थित पद्धत पाश्चात्त्य देशांत 1970 च्या दशकात आकारास आली. हिमोफिलियाच्या रुग्णाला सांध्यात रक्तस्राव सुरू होताच फॅक्टर मिळाला तर सांधा वाचतो. दवाखाना गाठण्यात गेलेले तास त्याला अपंगत्वाकडे नेतात. म्हणून रुग्णांना व पालकांना शीर शोधण्याचे शिक्षण दिले गेले. भारतात 1983 मध्ये स्थापन झालेल्या हिमोफिलिया फेडरेशनने रुग्णांना संघटित केले.

या शिक्षणाची रूपरेषा जामखेडच्या तत्त्वांशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. औषध, मात्रा व वेळ डॉक्टरच ठरवितात. पहिल्या मात्रा देखरेखीखालीच दिल्या जातात आणि प्रशिक्षकासमोर कृती अचूक करून दाखविल्याशिवाय रुग्णाला घरी मुभा मिळत नाही. घरी हात साबणाने धुऊन, स्वच्छ जागी, मुदत पाहून, निर्जंतुक साहित्य उघडले जाते. फॅक्टरची कुपी शीतपेटीतून काढून खोलीच्या तापमानाला आणतात, द्रावण न हलविता हळुवार फिरवून मिसळतात. दंडावर पट्टा बांधून शीर शोधतात, सिरिंज व नळीतील हवा काढून टाकतात, रक्त परत येते याची खात्री करून पट्टा सोडतात आणि औषध सावकाश देतात. सुई पुन्हा वापरीत नाहीत, तिला टोपण लावीत नाहीत. ती जाड भिंतीच्या बंद डब्यात टाकतात. तारीख, मात्रा व कुपीचा क्रमांक नोंदवितात. टोचल्या जागी सूज, लाली वा तीव्र वेदना, थंडी वाजून ताप, अंगावर पित्त वा श्वास लागणे, यांपैकी काही दिसल्यास औषध थांबवून तत्काळ वैद्यकीय मदत घेतात. अशक्तपणा घालविण्यासाठी म्हणून परस्पर सलाईन लावून घेणे या पद्धतीत बसत नाही.

अलीकडे हिमोफिलियाच्या काही रुग्णांसाठी त्वचेखाली देण्याचे प्रतिबंधक औषधही उपलब्ध झाले आहे. शिरेचा मार्ग टाळता येत असेल तर टाळावा, हा बनगावचा विचारच येथे नव्या रूपात दिसतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, घरातील शिरेवाटे उपचाराची सुरक्षितता तीन प्रश्नांवर अवलंबून असते. हा मार्ग खरोखर आवश्यक आहे काय? तो हाताळणाऱ्यास कारणासह ज्ञान मिळाले आहे काय? आणि चूक झाली तर पाठीशी कोणी उभे आहे काय? लट्टा यांच्या रुग्णाला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. मोडाशाच्या रुग्णांच्या बाबतीत तिन्ही प्रश्न विचारलेच गेले नाहीत. जामखेडच्या निरक्षर स्त्रियांनी मात्र ते विचारले आणि त्यांची उत्तरे आपल्या गावाला दिली. 2005 पासून देशभर 'आशा' कार्यकर्तीच्या पिशवीत क्षारसंजीवनीची पुडी आहे. त्या पुडीसोबत तिच्यामागील ज्ञानही पोहोचते की नाही, यावरच जामखेडचा वारसा किती टिकला हे ठरेल.