वेरूळच्या वाटेवरील फिरती बिऱ्हाडे

मनमाडच्या पुढे भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नांदगाव हे तालुक्याचे गाव आहे. त्याची गणना आज कोणी प्रेक्षणीय स्थळांत करणार नाही, आणि गावकऱ्यांचाही तसा आग्रह नाही. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे चाळीस वर्षे अशी गेली की, वेरूळची लेणी पाहण्याची अभिलाषा धरून मुंबईहून निघालेल्या देशी-विदेशी प्रवाशास याच स्थानकावर सामान उतरवावे लागे आणि पुढचा चाळीस मैलांहून अधिक मार्ग बैलांच्या अथवा टांग्याच्या घोड्यांच्या मर्जीवर सोपवावा लागे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ १८६१ च्या सुमारास या मुलखात येऊन पोहोचले. थळ घाटाची अवघड चढण मात्र १८६५ पर्यंत पुरी झाली नव्हती, त्यामुळे आरंभीच्या प्रवाशांना घाट एका वाहनाने, पठार दुसऱ्या वाहनाने आणि नांदगावपुढचा रस्ता तिसऱ्या वाहनाने काटावा लागे.

हा पुढचा रस्ता कासारीच्या घाटाने सातमाळ्याची रांग चढून, इंग्रजी अंमल मागे टाकून निजामाच्या मुलखात शिरे आणि देवगावावरून वेरूळ गाठी. दोन सत्तांच्या सरहद्दीवरून जाणारी वाट म्हटली म्हणजे नाके, जकात आणि परवाने आलेच. त्यातून वाटेत मुक्काम करणे भाग असल्यामुळे अंथरूण-पांघरूण, राहुटी, शिधा, भांडीकुंडी आणि पाण्याच्या घागरी यांसह सगळे बिऱ्हाड छपराच्या बैलगाडीत, म्हणजे दमणीत, भरूनच निघावे लागे. घरासारखी सोय असलेल्या मोटारीतून निसर्गाची चित्रे घेत हिंडण्याचा जो छंद अलीकडे आपल्याकडे रुजू पाहत आहे, त्याचे पूर्वज शोधावयाचे तर ते मला परदेशी मोटारींपेक्षा या दमण्यांत अधिक सापडतात.

या ओझ्यात छायाचित्रकाराच्या सरंजामाची भर पडली म्हणजे काय होई, हे कळण्यासाठी त्या काळची क्रिया थोडी विस्ताराने पाहिली पाहिजे. १८५१ पासून प्रचारात आलेल्या कलोडियन पद्धतीत काच स्वच्छ पुसून बोटांवर तोलून धरावयाची, तिच्यावर ईथर आणि मद्यार्क यांत केलेले ते चिकट द्रावण ओतावयाचे, काच एकेका कोपऱ्याकडे कलती करीत ते सर्वत्र सारखे पसरू द्यावयाचे आणि उरलेले शेवटच्या कोपऱ्यातून अलगद बाटलीत परत घ्यावयाचे. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काही मिनिटे बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून, दृश्य टिपून, ओली असतानाच पुन्हा अंधारात आणून तिच्यावर हिराकशीचे पाणी सोडावयाचे, आणि चित्र उमटताक्षणी ते धुऊन पक्के करावयाचे. काच वाळली की चित्र गेले. म्हणजे अंधारकोठडी कॅमेऱ्यापासून चार पावलांवर हवी. लेणे जागचे हलत नसल्यामुळे कोठडीनेच लेण्याकडे गेले पाहिजे. शिवाय धुण्यास पाणी हवे, तेही गाळीव आणि मुबलक. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यात चैत्र-वैशाखात पिण्याच्या पाण्याची मारामार, तेथे काचा धुण्यास घागरी रित्या करणारा साहेब गाडीवानास कसा दिसत असेल, याचा विचार वाचकानेच करावा. उन्हाच्या तलखीने ईथर उडून कलोडियन काचेवर पसरण्यापूर्वीच सुकू लागे, म्हणून काम काय ते सकाळी उरकावे लागे. १८५५ साली क्रिमियाच्या युद्धभूमीवर रॉजर फेंटन याने एका मद्यविक्रेत्याची जुनी गाडी विकत घेऊन तीतच अंधारकोठडी, स्वयंपाक आणि बिछाना यांची सोय केली होती. त्यालाही उष्णतेने हेच वेळापत्रक पाळावयास लावले. चाकांवरचे घर आणि चित्रग्रहण यांची जोडी मौजेपोटी जमलेली नसून रसायनाच्या हुकमाने जमलेली आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या भागात या विद्येचा मोठा उपासक म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. मद्रासच्या लष्करातला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमला गेला, आणि उरलेले आयुष्य त्याने बव्हंशी त्याच परिसरात घालविले. त्याने रंगविलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. दरम्यान तो कॅमेऱ्याकडे वळला होता, आणि १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. त्यांपैकी एक लेण्यांविषयी आहे. दुसऱ्याच्या नावातच पश्चिम हिंदुस्थानातील वास्तुशिल्पाबरोबर निसर्गसृष्टीचा उल्लेख आहे, आणि म्हणून या प्रांतातल्या वन्य प्राण्यांच्या चित्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यास त्यापासूनच आरंभ करावा लागतो. परंतु या पुस्तकातली जनावरे शिकारीत पडलेली आहेत. गिल नामांकित शिकारी होता हे खरे. तरी दोष सर्वस्वी त्याच्या बंदुकीचा नाही. कित्येक सेकंद उघड्या राहणाऱ्या भिंगापुढे जिवंत वाघ उभा कसा राहणार? लेण्यातला दगडी हत्ती आणि जमिनीवर पडलेला वाघ, दोघांचा एकच गुण त्या कॅमेऱ्याच्या कामाचा होता. हा मनुष्य १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळास आहे.

नांदगावहून वर चढणाऱ्या या वाटेच्या दोन्ही अंगांस जे माळरान पसरलेले आहे, ते काळविटांचे. वेरूळकडे जाणाऱ्या विद्वानांचे चित्त कैलास लेण्याकडे लागलेले असल्यामुळे त्यांनी या माळाकडे पाहिले ते कंटाळवाणा टप्पा म्हणून, आणि याबद्दल त्यांना दोष देणे कठीण असले तरी मला तो द्यावासा वाटतो. कारण बैलगाडीतून जाणाऱ्यास काळवीट जितक्या जवळून दिसतो, तितका पायी चालणाऱ्यास कधीच दिसत नाही. शेताच्या बांधावरून रोज जाणारी गाडी हरणाच्या ओळखीची असते. ते मान वर करते, पाहते आणि पुन्हा चरू लागते. मनुष्य चाकावेगळा झाला, दोन पायांवर उभा दिसला, की एखादे हरीण उसळी घेते आणि सारा कळप त्याच्यामागे उधळतो. हे गुपित शिकाऱ्यांना पुरातन काळापासून ठाऊक होते. पाळीव जनावराच्या आडून सावजाजवळ सरकणारे पारधी आपल्याकडे होते. कोल्हापूरच्या दरबारी पदरी बाळगलेल्या चित्त्यांना डोळ्यांवर टोपी चढवून बैलगाडीतूनच माळावर नेत. गाडी कळपाच्या टप्प्यात आली की टोपी उतरवीत, आणि मग पुढचे काम क्षणार्धाचे. ज्या आडोशाने शतकानुशतके मृगाचा प्राण घेतला, त्याच आडोशाचा उपयोग त्याचे चित्र घेण्यास होईल, ही कल्पना मात्र फार उशिरा सुचली. संयुक्त प्रांतातल्या वनखात्याचा अधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन याने बंदूक खाली ठेवून, वाटेवर तार ताणून, वाघाकडूनच रात्री त्याचे छायाचित्र काढवून घेतले आणि त्यावरील पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध केले, तोवर आपल्याकडच्या माळावरचे काळवीट भिंतीवरच्या शिंगांतच अधिक दिसत होते.

मधल्या काळात या नाशिक जिल्ह्यातल्या एका माणसाने मोठी गोष्ट केली होती. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून काही काळ काढून, छापखान्याचा धंदा करून, अखेर १९१२ साली लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले. त्यांचे पहिले चित्रण कोणते? एका कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडे थोडे टिपीत, त्याचा वेल होईपर्यंतची सारी वाढ त्यांनी क्षणांत दाखविली, ते ‘अंकुराची वाढ’. निसर्गाच्या चलच्चित्रणाचा हा आपल्याकडचा आद्य प्रयोग घराबाहेर पाऊल न टाकता झाला, हे आजच्या हिंडफिऱ्या चित्रकारांना सांगून पाहावे. पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपला संसार व कारखाना नाशिकास हलविला, आणि पौराणिक कथांच्या जोडीने गोदावरीचे देखावे, सिंहस्थ पर्वणी, वेरूळची लेणी असे वास्तव विषयही टिपले. हाताने फिरवावयाचा तो कॅमेरा सेकंदास सुमारे एक फूट फीत खाई. दोनशे फुटांची गुंडाळी तीन मिनिटांत सरे. कच्च्या फितीच्या कडांना भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करीत. असल्या मोलाच्या फितीवर हरणांची वाट पाहत बसणे कोणास परवडणार? बैलगाडीने या कलेस सोडले नाही ते वेगळ्या प्रकारे: खेळांच्या उत्पन्नाची चिल्लर इतकी जमे की ती गाडीत घालून आणावी लागे, अशी आठवण सांगतात. जत्राजत्रांतून तंबू ठोकणाऱ्या फिरत्या सिनेमावाल्यांनी हीच परंपरा पुढे मालमोटारीवर चढविली. यंत्र, पडदा, स्वयंपाकाची चूल आणि झोपावयाची जागा, सारे त्या एका मोटारीत.

फाळके वेरुळास गेले त्या काळात नांदगावचे दिवस मात्र पालटलेले होते. १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखातील लहान रुळांची आगगाडी मनमाडहून औरंगाबादकडे धावू लागली, दौलताबादेस उतरून लेणी गाठणे सोपे झाले, आणि नांदगावच्या टांगेवाल्यांचा धंदा बसला. दुसऱ्यांदा हे गाव बाजूला पडले ते आपल्या डोळ्यांदेखत. समृद्धी महामार्गाची गर्दी दक्षिणेकडून वैजापुरावरून जाते. तिला सातमाळ्याची रांग चढण्याचे काही कारण उरलेले नाही.

या उपेक्षेचा लाभ झाला असेल तर तो हरणांना, असे माझे मत आहे. नांदगावच्या दक्षिणेस, येवले तालुक्यातील ममदापूर-राजापूरच्या परिसरात ५४ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र २०१४ साली संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले, आणि १९७२ च्या कायद्याने काळविटास वाघाइतकेच संरक्षण असल्यामुळे कळप आता मक्याच्या आणि कांद्याच्या शेतांपर्यंत निर्धास्त येतात. शेतकऱ्याचे नुकसान होते, तो रागावतो, पण जुन्या सवयीने सोसतोही. २०२१ साली राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हापासून निजण्याची, रांधण्याची आणि न्हाण्याची सोय असलेल्या गाड्यांना आपल्याकडे सरकारी मान्यताही आहे. अशा गाडीतून लांब पल्ल्याचे भिंग लावून चित्रण करणाऱ्यास दमणीतल्या प्रवाशापेक्षा शंभर पटींनी सोय आहे; दोनशे फूट फितीची चिंता नाही, ओल्या काचेची घाई नाही. हरणांचा स्वभाव मात्र तोच राहिला आहे. इंजिन बंद करून खिडकीआड बसणाऱ्यास कळप चरता चरता जवळ येतो, आणि तिपाई लावण्यासाठी जो दार उघडून खाली उतरतो त्याच्या यंत्रात धुरळा उमटतो. उन्हाळ्यात तर प्रकरण याहून गंभीर असते. माळावरचे ओहळ आटलेले असतात, वनखात्याने भरलेल्या पाणवठ्यांवर सारा भार असतो, आणि चांगले चित्र मिळावे म्हणून नेमकी तेथेच, काठाला चाके टेकवून, कोणी गाडी उभी केली म्हणजे कळप दूर थांबतो, बराच वेळ ताटकळतो आणि मागे फिरतो, तो कित्येकदा शेतातल्या कठडा नसलेल्या विहिरीकडे.