पुठ्ठ्याचा नकाशा आणि अंगणातली गोदावरी

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, भूगोलाचा नाही. तरी आज एका पुठ्ठ्याच्या नकाशापासून सुरुवात करतो.

१९७८ साली मी मुलीसाठी महाराष्ट्राचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवला आणि जिल्ह्यांच्या रेषांवर ब्लेडने कापला. सव्वीस तुकडे झाले, त्यांत मराठवाड्याचे पाच. ती ते जोडायला शिकते न शिकते तोच १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. आमच्या जिल्ह्याचा तुकडा पुन्हा कापला. परतूर परभणीतून आलं, म्हणून परभणीलाही ब्लेड लागलं. पुढच्याच वर्षी उस्मानाबादमधून लातूर निघालं. मुलगी म्हणाली, "बाबा, हा खेळ संपणार कधी?" १९९९ ला हिंगोली झाली तेव्हा ती कॉलेजही संपवून बसली होती. तो तुकडा मी एकट्यानेच कापला.

हा खेळ काही माझा शोध नव्हे. लंडनमध्ये १७५९ साली जॉन जेफरीसने युरोपच्या प्रवासाचा एक पट छापला होता. सोंगट्या नकाशावरून पुढे न्यायच्या, आपल्या सापशिडीसारखं. पाठोपाठ १७६०च्या दशकात जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या माणसाने नकाशा लाकडाच्या पातळ फळीवर डकवून देशांच्या सीमांवरून कापला. आज मुलं जी जिगसॉ पझल्स खेळतात त्यांचं मूळ हे, भूगोल शिकवण्याचं साधन. पुढे जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क' कादंबरीत (१८१४) युरोपचा नकाशा जोडता येत नाही म्हणून एका गरीब मुलीला तिच्या बहिणी हसतात. म्हणजे सुखवस्तू घरात हे यायलाच हवं, अशी तोवर समजूत झालेली होती.

आता गंमत बघा. स्पिल्सबरीकडे समुद्राचे तुकडे नसलेला संच स्वस्तात मिळे. पाणी वगळलं तरी चालतं, सीमा मात्र हवी! राज्यकर्त्यांच्या मुलांना तसं शिकवणं सोयीचंच होतं म्हणा.

पण आपल्याकडे काय झालं? माझ्या वडिलांनी घर न बदलता चार नकाशे पाहिले. आधी निजामाचं राज्य. १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतातलं हैदराबाद राज्य. माझा जन्म त्यातला. मी पहिलीत असताना, १ नोव्हेंबर १९५६ ला, आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. त्या रेषांसाठी माणसांनी तुरुंग भोगले, प्राण दिले. म्हणून रेषा खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण लहान मुलाला आधी रेषाच दिल्या तर त्या डोंगराइतक्या जुन्या आहेत असं त्याला वाटतं.

स्पिल्सबरी फळ्या कापत होता त्याच सुमाराला, १७६२ साली, रूसोचं 'एमिल' आलं. रूसो म्हणतो ते थोडक्यात असं: मुलाचा भूगोल त्याच्या गावापासून, घरापासून सुरू व्हावा, मग वाटेतल्या जागा, जवळच्या नद्या, आणि नकाशा त्याने स्वतः काढावा, कसाबसा का होईना. मी हे वर्गात किती वर्षं शिकवलं! घरी मात्र ब्लेड घेऊन बसलो होतो.

डोळे उघडले ते नातवामुळे. तो छत्तीस जिल्ह्यांचं विकतचं कोडं झटक्यात लावतो. मी विचारलं, "अरे, आपल्या नळाला पाणी कुठून येतं?" "गच्चीवरच्या टाकीतून." नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरातला मुलगा, बरं का!

त्या दिवाळीत आम्ही किल्ला जरा मोठा केला. दगड, पोती, चिखल. देवगिरी तर झालाच, पण त्याच्या उत्तरेला अजिंठ्याची रांग, दक्षिणेला गोदावरीचा चर आणि पैठणला नाथसागर म्हणून एक परात. खेळ एवढाच: मी जागा सांगायची, त्याने तिथे तांब्याने पाणी ओतायचं, पण ओतण्याआधी ते कुठल्या समुद्राला जाईल ते सांगायचं. शहरातली खाम गोदावरीकडे, म्हणजे बंगालच्या उपसागराला. अजिंठा लेण्यांपाशी वाघूर. तिथे तो ठामपणे चुकला. ती उत्तरेला तापीत जाते आणि तापी अरबी समुद्राला. एकाच जिल्ह्यातलं पाणी दोन समुद्रांना, हे त्याला पटेना. रांग चिखलाने पुन्हा उंच केली आणि पुन्हा ओतून पाहिलं, चार वेळा.

मग मलिक अंबरची नहर. उत्तरेच्या अंगाने जमिनीखालच्या नळांतून उताराने शहरात येणारं पाणी. त्यासाठी आम्ही पपईच्या देठाची नळी पुरली. वाहिली!

मग तो परातीकडे वळला. पैठण आपल्याहून खाली आहे, हे त्याने स्वतःच चिखलात केलं होतं. तांब्या हातात तसाच धरून म्हणाला, "आजोबा, मग नाथसागराचं पाणी चढ चढून आपल्या टाकीत येतं कसं?"

पंप, वीज, ती पन्नासेक किलोमीटरची वाट, सगळं सांगता सांगता अंधार पडला. पुठ्ठ्याचे तुकडे अजून कपाटात आहेत. त्यांतला परभणीचा एक हरवलाय.