दगड कोणाशी बोलतो?

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवरचा लेख बहुतेकांना तोंडपाठ असतो. ‘सेवेचे ठायी तत्पर’, आणि पुढे हिरोजी इंदुलकरांचे नाव. बस. त्याच देवळाच्या प्राकारातला संस्कृत शिलालेख मात्र लोक फोटो काढून ओलांडतात. त्यात शक आकड्यांत नाही, शब्दांत आहे: सहा, नऊ, बाण, भूमी. मदनाचे बाण पाच, भूमी एक. हे अंक उलट्या क्रमाने मांडले की १५९६ मिळतात. त्यात ७८ मिळवले की १६७४, म्हणजे राज्याभिषेकाचे साल. पुढे ‘आनंद’ संवत्सराचे नावही आहे, त्यामुळे हिशेब दोन बाजूंनी पडताळता येतो. कोरीव लेखांची गोडी मला अशा आकडेमोडीतून लागली. तुम्हालाही लागेल, असा भरवसा आहे.

पण साल काढून थांबायचे नाही. लेख कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इतिहासाचा विद्यार्थी नव्हता. मग कोण होते? हा प्रश्न आधी विचारावा.

गद्धेगाळ पाहा. शिलाहार-यादवांच्या काळातले हे दगड कोकणात बरेच सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली स्त्री व गाढव यांचे ते ओंगळ शिल्प. जमीन दिली, ती कोणी हिरावू नये, हिरावेल त्याच्या आईला ही शिवी. मजकूर वाचता न येणाऱ्यालाही चित्र लगेच कळावे, अशी ही सोय. चंद्र-सूर्याचा अर्थ, ते आहेत तोवर दान चालू. रायगडाच्या लेखातही प्रासादासाठी चंद्रसूर्याचीच मुदत मागितली आहे. जुन्या संग्रहांत पुष्कळदा मजकूर तेवढा छापला आणि गाढव तळटीपेत गेले. मला ही सोवळेपणाची चूक वाटते. अर्धा लेख तर त्या गाढवातच आहे.

वीरगळावर तर आपल्याकडे बहुधा अक्षरच नसते. तो खालून वर वाचायचा. तळाशी लढाई, कधी पळवलेली गुरे. त्यावर अप्सरा वीराला नेताहेत. सगळ्यांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो, माथ्यावर कलश. नाव नाही, कारण गावाला ते ठाऊक होते. आज त्याच दगडाला शेंदूर लागून त्याचा म्हसोबा झालेला असतो. बिघडले काय? दगड जागेवर राहिला, हेच पुष्कळ.

भाषेच्या इतिहासालाही याच दगडांचा आधार आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी चामुंडरायाने मूर्ती करवल्याची नोंद कन्नड, तमिळ आणि मराठीत आहे. तिथेही ऐकणारे कोण, हे भाषाच सांगतात. असे लेख एकत्र वाचायचे असतील तर शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा १९६३चा ग्रंथ हाताशी ठेवा.

पुस्तकाआधी मात्र दगडाकडे जा. अक्षरांत खडू किंवा ऑइलपेंट भरू नका. रंगवणारा स्वतःला दिसते तेच अक्षर गिरवतो आणि पुढचा वाचक त्याचीच चूक वाचतो. ठसा घेण्याचे काम जाणकाराकडून शिका: दगड धुऊन ओला कागद बसवणे, ब्रशने ठोकणे, मग शाईचा बोळा फिरवणे. अक्षर पांढरे राहते, भोवती काळे. तोवर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. भर दुपारी जो दगड सपाट दिसतो, त्यावर तिरप्या उन्हात काना-मात्रा उठून येतात.