उकिरड्यातले शंख

इतिहास म्हटला की आपल्याला ताम्रपट, किल्ले आणि तलवारी आठवतात. पण ज्या माणसांनी यातले काहीच मागे ठेवले नाही, त्यांचा इतिहास कुठे शोधायचा? अनेकदा तो त्यांच्या उकिरड्यात सापडतो.

ओमानची राजधानी मस्कत. तिथल्या रास अल-हम्रा या भूशिरावर १९८०च्या दशकात इटालियन पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी तिथे मासेमारांची वस्ती होती. त्यांच्या उकिरड्यात माशांच्या काट्यांबरोबर लांबट, निमुळते, जाड शंख निघाले. हे शंख चिखलात राहणाऱ्या समुद्री गोगलगायीचे. लिनियसने १७६७ साली तिचे वर्णन केले. आज तिचे शास्त्रीय नाव टेरेब्रालिया पालुस्ट्रिस असे आहे. ‘पालुस्ट्रिस’ म्हणजे दलदलीतली. मांसासाठी लोक ती वेचून आणत.

यात विशेष ते काय? ही गोगलगाय खारफुटीच्या चिखलात राहते. लहानपणी ती चिखलावरचा थर खरवडून खाते, मोठेपणी खारफुटीची गळलेली पाने खाते. म्हणजे उकिरड्यात तिच्या शंखांचा ढीग सापडला, की जवळपास खारफुटीचे रान होते असे समजावे.

बलुचिस्तानातल्या लासबेला किनाऱ्याजवळ सिरंडा नावाचे खारे सरोवर आहे. त्याच्या काठीही हेच शंख विखुरलेले आहेत. कार्बन पद्धतीने त्यांचे वय हजारो वर्षे ठरले. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन असतो, त्यामुळे शंखाचे वय वाजवीपेक्षा जास्त दिसते. तेवढी दुरुस्ती करावी लागते. ती केल्यावरही निष्कर्ष एकच. आजच्या या सरोवराच्या जागी एके काळी समुद्राची खाडी होती, आणि तिच्या काठी तिवरांचे रान होते.

संयुक्त अरब अमिरातीतल्या प्राचीन वस्त्यांतही हे शंख मुबलक मिळतात. आज तिथे ही गोगलगाय जिवंत पाहायची, तर ओमानच्या आखातावरचे खोर कल्बा गाठावे लागते. रान गेले की त्याच्या आसऱ्याने जगणारे जीवही जातात आणि माणसाच्या ताटातला घासही जातो.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीला मनाई केली, २०१८ साली तिच्या रक्षणाचा अंतिम निकाल दिला. तरीही भरावाच्या गाड्या खाडीकाठी येतातच. ओमानच्या मासेमारांनी लिहून काहीच ठेवले नाही, पण त्यांच्या उकिरड्यावरून त्यांचा किनारा ओळखता येतो. आपल्या खाड्यांतून तिवरे गेली, तर आपल्या कचऱ्यावरून पुढच्यांना काय कळणार?