गिटारचे दुसरे अंग
सतारीच्या नादाला जसा भोपळा, तसा विजेच्या गिटारला ध्वनिवर्धक. प्रारंभी त्याचे काम एवढेच, की कर्ण्यांच्या गजरात गिटार ऐकू यावी. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात चार्ली ख्रिश्चनने ते साधून दाखविले. पुढे अमेरिकेत लिओ फेंडरचा ‘बासमन’ निघाला. तो लंडनमध्ये फार महाग पडे. म्हणून १९६२ च्या सुमारास जिम मार्शल या ड्रमवादक दुकानदाराने सहकाऱ्यांकडून त्याच धर्तीचे यंत्र करविले. मांडणी तीच, परंतु ध्वनिक्षेपक व बरेच सुटे भाग इंग्रजी. त्यामुळे आवाज निराळा झाला.

यंत्र शक्तीपलीकडे ताणले, की सूर फाटे. तंत्रज्ञांच्या लेखी हा दोषच होता. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेत मार्शलचे यंत्र मोठ्याने वाजवून एरिक क्लॅप्टनने त्याच दोषाचा गुण केला.

साहजिकच एका यंत्रावर भागेना. रंगमंचासाठी बलवान, स्वच्छ सुरासाठी दुसरे, आणि ध्वनिमुद्रणासाठी हळू आवाजातही फाटणारे लहान, असा संग्रह वादक बाळगू लागले. हा केवळ हौसेचा पसारा नव्हे. यंत्र बदलले, की वाद्यच बदलते.