हजेरी, उचल, हिशेब : दुकानात ‘एचआर’ नसताना माणसं सांभाळायची कशी?

हैदराबादचा बेगम बाजार ही निजामकाळापासूनची घाऊक पेठ. किराणा, सुकामेवा, मसाले, भांडी असा माल इथून शेजारच्या महाराष्ट्र-कर्नाटकातही जातो. अशा पेठेतल्या लहान दुकानात एचआर विभाग नसतो. मालक नाहीतर मुनीमच सगळं बघतो. काम विश्वासावर चालतं. वाद होतो तो माणूस सोडून जाताना. उचल किती, खाडे किती, बाकी किती? तोंडी हिशेबात दोघांचंही नुकसान होतं.

कामावर घेताना : काम, पगार, वेळ आणि सुट्टी एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत नेमणूकपत्राची तरतूद आहे.

दर महिन्याला : हजेरी रोज मांडावी. उचल दिली की तारीख टाकून सही घ्यावी. पगार शक्यतो बँकेत जमा करावा, म्हणजे पुरावा आपोआप राहतो.

माणसं मोजा : रोजंदारीवरचे कामगारही मोजणीत येतात. दहा जण झाले की ईएसआय लागू होतं. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. ग्रॅच्युइटीची अटही दहाचीच : कायम कामगाराला पाच वर्षांनंतर, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. वीस जण झाले की पीएफ.

राज्य बदललं की : वरचे नियम केंद्राचे, पण दुकानाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी राज्याच्या कायद्यानुसार ठरते. तेलंगणात १९८८ चा, महाराष्ट्रात २०१७ चा, तर कर्नाटकात १९६१ चा दुकाने कायदा आहे. तेलंगणात सलग सहा महिने काम केलेल्याला सबळ कारणाशिवाय काढायचं तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो.

सोडून जाताना : वेतन संहितेनुसार बाकी पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. देगलूरहून आलेला मुलगा उद्या पुण्याला गेला तरी त्याचा पीएफचा यूएएन तोच राहतो. म्हणून जुना नंबर आधी विचारावा, नवा काढू नये.

एवढं सगळं एका वहीत मावतं. फक्त ती वही रोज भरली पाहिजे, आणि कामगारानं मागितली तर त्यालाही दाखवली पाहिजे.